कुत्र्या-मांजरांना ॲलर्जीची गोळी: देण्याआधी काय बघायचं, किती द्यायची, कधी अजिबात द्यायची नाही

मृग लागला की गोव्यातल्या घराघरांत कुत्र्यांचं खाजवणं सुरू होतं ते दिवाळीपर्यंत थांबत नाही. चाटून चाटून पंजे तांबूस होतात, कानांना वास येतो, रात्रभर पडवीवर कान फडफडवल्याचा आवाज येत राहतो. घरच्या औषधांच्या डब्यात सेट्रिझिन किंवा ॲव्हिलची पट्टी असतेच. आपण घेतो तीच गोळी कुत्र्याला दिली तर चालेल का, असं मला सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं. यातल्या काही गोळ्या चालतात, पशुवैद्य स्वतःच त्या लिहून देतात. पण कोणती, किती, कोणाला आणि कसल्या खाजेवर, हे ठरल्याशिवाय पट्टी फोडू नये. यातली एक गोष्ट चुकली तर कुत्रा दिवसभर गुंगीत पडतो. दुसरी एखादी चुकली तर मांजर जिवाला मुकतं.

मी पशुवैद्य नाही. फोंड्याजवळ घरी कुत्री-मांजरं सांभाळते आणि वाड्यावर कोणी आणून सोडलेली पिल्लं मोठी करते. खाली दिलेले डोस पशुवैद्य सर्वसाधारणपणे वापरतात ते आहेत. तुमच्या जनावराला पहिल्यांदा गोळी देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करून आकडा पक्का करून घ्या. लेख वाचल्यावर त्या फोनवर काय विचारायचं आणि काय सांगायचं, हे तुम्हाला नीट कळलेलं असेल.

गोळी करते काय

त्वचेत, नाकात, आतड्यांत मास्ट पेशी असतात. ॲलर्जीचं काही कारण घडलं की त्या हिस्टामिन सोडतात. ते जवळच्या पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन चिकटतं आणि मग खाज, लाली, सूज, गांधी असं सगळं सुरू होतं. कदंबाच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी, तशी अँटिहिस्टामिनची गोळी ती जागा आधीच अडवून ठेवते. म्हणून ती आधी पोचली तर जास्त उपयोगी पडते. हिस्टामिनने जागा पटकावल्यावर आलेल्या गोळीचा परिणाम कमी आणि उशिरा दिसतो.

या एका गोष्टीवरून पुढचं बरंच उलगडतं. मधमाशी चावून ओठ किंचित सुजणं, अंगावर अचानक गांधी उठणं, लशीनंतर आलेली हलकी खाज, यांत हिस्टामिनचा वाटा मोठा असतो. तिथं गोळी कामाला येते. वर्षानुवर्षं चालणारी त्वचेची ॲलर्जी वेगळी. तिला डॉक्टर ॲटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. त्यात कुत्र्याची खाज मुख्यतः इंटरल्यूकिन-३१ सारख्या इतर द्रव्यांमुळे पेटते आणि अँटिहिस्टामिनची गोळी त्यांना हातही लावत नाही. अशा कुत्र्याला नुसत्या सेट्रिझिनवर ठेवलं तर खाज थोडी कमी होईल किंवा काहीच फरक पडणार नाही. मांजरांमध्ये या गोळ्यांचा अनुभव थोडा बरा असतो, तरी हमी नाही. कुत्रा रात्र रात्र झोपत नसेल, त्वचा फाटेपर्यंत खाजवत असेल, तर डॉक्टरांकडे ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन असे थेट खाजेवर काम करणारे उपाय आहेत. ते महाग आहेत हे खरं. पण कुत्रा तळमळत असताना महिनोन्‌महिने स्वस्त गोळी देत राहणं हा उपचार नाही, असं माझं ठाम मत आहे.

गोळी बाजूला ठेवून आधी गाडी काढायची ती वेळ

हा भाग घाईत वाचू नका.

ॲलर्जीचा तीव्र झटका कुत्र्यात माणसासारखा दिसत नाही. कुत्र्यात त्याचा मोठा फटका यकृताला आणि आतड्यांना बसतो. म्हणून माशी चावल्यावर, लस किंवा इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात अचानक उलट्या, पातळ जुलाब, कधी त्यात रक्त, हिरड्या पांढुरक्या पडणं, पाय लटपटणं, कोसळणं असं होतं. तोंड सुजलेलं असेलच असं नाही. मांजरात फटका फुप्फुसांना बसतो: तोंड उघडं टाकून श्वास, लाळ, तोंडावर पंजे घासणं. या अवस्थेत गोळी गिळायला लावण्यात वेळ घालवू नका. जीव वाचवतात ते ॲड्रेनलिन, सलाइन आणि ऑक्सिजन. ते दवाखान्यातच मिळतात.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागातली, साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही गोव्यात आहेत. पावसाळ्यात कुत्रं कुळागरात म्हणजे पोफळीच्या बागेत, पायवाटेवर, लाकडांच्या राशीत नाक खुपसतं आणि तोंडावर दंश घेऊन येतं. ओठ सुजलेला बघून घरचे समजतात गांधीलमाशी चावली. ॲव्हिल देतात आणि सकाळपर्यंत थांबतात. घोणशीच्या विषाला एवढा वेळ दिला की रक्ताची गोठण्याची क्षमता बिघडते, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात.

फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. ॲलर्जीची सूज बहुधा दोन्ही बाजूंना येते, पापण्याही फुगतात, अंगावर कुठं कुठं गांधी दिसतात, खाज असते, आणि कुत्रं एरवी हुशार असतं. विषारी दंशाची सूज एका बाजूला असते, हात लावू देत नाही इतकी दुखते, बघता बघता पसरते, त्वचा जांभळट पडते, दाताच्या जागेतून रक्त झिरपत राहतं आणि कुत्रं मलूल होतं. मण्यार चावली तर सूज जवळजवळ नसतेच. आवाज बदलतो, मागचे पाय ओढले जातात. केसांत दातांच्या खुणा सापडत नाहीत, त्या शोधत बसू नका. शंका आली तर साप चावला असंच धरून चाला. जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही, बर्फ लावायचा नाही. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. निघतानाच दवाखान्यात फोन करून प्रतिविष शिल्लक आहे का ते विचारा, म्हणजे चुकीच्या दारात वेळ जाणार नाही.

पहिल्या पावसात अंगणात येणारा मोठा खरबरीत बेडूक, म्हणजे भेक, कुत्र्याने तोंडात धरला की लाळेचा फेस येतो. तीही ॲलर्जी नाही. ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ, गालांची आतली बाजू पुसा. डोकं खाली धरा, म्हणजे पाणी घशात जाणार नाही. मग दवाखाना गाठा.

मांजराला धाप लागली, खोकला येतो, मान पुढं ताणून बसतं, तर तो दमा असू शकतो. मांजराच्या दम्यावर अँटिहिस्टामिन चालत नाही. तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर ही नेहमीच तातडीची वेळ समजा.

खाज कशाची आहे ते आधी बघा

बारीक दातांची फणी आणि ओला पांढरा टिश्यू घ्या. शेपटीच्या मुळाशी, पाठीवर फणी फिरवा आणि निघालेली काळी भुकटी टिश्यूवर झटका. ती विरघळून तांबूस झाली तर ते पिसूचं शेण, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू एकही दिसली नाही तरी ही खूण पुरेशी आहे. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे केस विरळ झाले असतील तर पिसूच्या लाळेची ॲलर्जी जवळजवळ ठरलेली. तिथं गोळी देत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं आहे. आधी घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर पिसूचं औषध, सोबत त्यांची चादर-पोतं गरम पाण्यात, आणि पडवीच्या भेगा साफ.

इथं एक इशारा द्यायलाच हवा. कुत्र्यांच्या अनेक स्पॉट-ऑन (कातडीवर थेंब टाकायच्या) औषधांत, शांपूत, पावडरीत परमेथ्रिन असतं. मांजराला ते विष आहे. अंग थरथरतं, झटके येतात. 'कुत्र्याचं थोडंसं मांजरालाही' हे कधीच नको, आणि कुत्र्याला लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्यापाशी झोपू देऊ नका. गोचीड काढायला रॉकेल, फिनेल, डांबरगोळी यांतलं काहीही कोणत्याही जनावराच्या अंगावर नको.

आपल्या हवेत दुसरं कारण म्हणजे ओल. कुत्रं भिजतं, पोतं भिजलेलं, बोटांच्या बेचक्या दिवसचे दिवस ओल्या. मग मॅलेसेझिया नावाची यीस्ट वाढते. बगल, गळ्याखाली, कानांत, बोटांमध्ये तेलकट चिकट थर, आंबूस वास, कातडी काळपट आणि जाड. जिवाणूंचा संसर्ग असेल तर पुटकुळ्या आणि खपल्या. यांच्यावर अँटिहिस्टामिनचा काडीचा परिणाम होत नाही. डॉक्टर काचपट्टीवर नमुना घेऊन बघतात आणि बहुधा क्लोरहेक्झिडिन-मायकोनॅझोलचा शांपू देतात. तो लावून दहा मिनिटं ठेवायचा असतो, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. पावसातून आल्यावर पंजे कोरडे पुसण्याची एक सवय लावली तरी अनेक कुत्र्यांची निम्मी खाज उतरते. आमच्याकडे दाराशी जुना टॉवेल कायम टांगलेला असतो.

कानाच्या कडा, कोपरे, पोट इथं केस गेले असून कुत्रं वेड्यासारखं खाजवत असेल तर खरूज असू शकते. ती माणसालाही थोडी लागते. तिच्यावरही वेगळं औषध आहे.

खाण्याचाही विचार करा. आपल्याकडे मांजर जन्मभर मासळीवर वाढतं, आणि मासळी हे मांजराच्या अन्न-ॲलर्जीचं एक नेहमीचं कारण आहे. बारा महिने, ऋतू बदलला तरी खाज तशीच राहिली तर डॉक्टरांना आहार-चाचणीबद्दल विचारा. ती किमान आठ आठवडे, काटेकोरपणे करावी लागते. आणि बांगडा, तारली, कुपा यांच्याबद्दल एक वेगळी गोष्ट: ही मासळी बर्फाशिवाय राहिली की तिच्यातच हिस्टामिन तयार होतं आणि शिजवल्याने ते जात नाही. बाजार उठताना मिळालेला मऊ पडलेला बांगडा 'कुत्र्याला चालेल' म्हणून आणू नका.

पट्टीवर एकच नाव असलं पाहिजे

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथं. फार्मसीत 'ॲलर्जीची गोळी द्या' म्हटलं की अनेकदा सर्दीची गोळी हातात येते. सर्दीच्या गोळीत अँटिहिस्टामिनबरोबर पॅरासिटॅमॉल आणि फेनिलेफ्रिन असतं. पॅरासिटॅमॉल मांजराला मारतं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजरासाठीही प्राणघातक ठरू शकते, कारण मांजराच्या यकृताला ते निकामी करण्याची यंत्रणाच पुरेशी नसते. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. तोंड सुजलेलं बघून घरचे ॲलर्जी वाढली असं समजून आणखी एक गोळी देतात, यापेक्षा वाईट काय असू शकतं? फेनिलेफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिन नाक मोकळं करतात, पण कुत्र्या-मांजरात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब धोकादायक वाढवतात. नावापुढं 'डी', 'कोल्ड', 'प्लस' असं काही असेल तर ती पट्टी परत करा.

इंटरनेटवर अमेरिकेतले लोक कुत्र्याला बेनाड्रिल द्या म्हणून सांगतात. त्यांच्याकडे बेनाड्रिल म्हणजे निव्वळ डायफेनहायड्रामिन या अँटिहिस्टामिनची गोळी. आपल्या दुकानात त्या नावाने मिळतं ते खोकल्याचं सिरप, आणि त्यात अमोनियम क्लोराइड आणि सोडियम सायट्रेटही असतं. ते द्यायचं नाही. शिवाय तिकडचे डोस पौंडात दिलेले असतात. एक पौंड म्हणजे ४५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पौंड आणि किलो यांची गल्लत झाली तर डोस निम्मा तरी होतो किंवा दुप्पट तरी.

सेट्रिझिन आणि लिव्होसेट्रिझिन या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. लिव्होसेट्रिझिनची ५ मिलिग्रॅमची गोळी साधारणपणे सेट्रिझिनच्या १० मिलिग्रॅमच्या तोडीची. डॉक्टरांनी सेट्रिझिन सांगितलं आणि दुकानदाराने 'तेच हो' म्हणत लिव्होसेट्रिझिन दिलं, तर आकडा बदलतो. त्यात माँटेलुकास्ट जोडलेल्या गोळ्या तर आणखी जास्त खपतात. त्याही नकोत. तसंच क्लोरफेनिरामिन आणि फेनिरामिन, म्हणजे ॲव्हिल, यांची नावं कानाला सारखी लागतात, पण पहिल्याची गोळी ४ मिलिग्रॅमची आणि दुसऱ्याची २५ किंवा ५० ची. एकाचा डोस दुसऱ्याला लावायचा नाही.

सिरप घ्यायचं असेल तर बाटलीवर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, आहे का बघा. बिनसाखरेच्या सिरपात आणि चघळायच्या गोळ्यांत ते असू शकतं. कुत्र्यात ते रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं, जास्त गेलं तर यकृत निकामी करतं. घटक स्पष्ट छापलेले नसतील तर सिरप सोडून गोळीकडेच वळा.

वजन करा, मग हिशेब

अंदाजाने वजन धरू नका. कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. मांजर पिशवीत घालून तोलता येतं, पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

सेट्रिझिन: कुत्र्याला साधारण दर किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ११-१२ किलोच्या गावठी कुत्र्याला डॉक्टर बहुधा १० ची एक गोळी सांगतात, मोठ्या कुत्र्याला अनेकदा २० वर थांबतात. ४-५ किलोच्या मांजराला ५ मिलिग्रॅम, म्हणजे १० ची अर्धी गोळी, दिवसातून एकदा. गुंगी कमी येते म्हणून सुरुवात बहुतेक वेळा याच्यापासूनच होते.

क्लोरफेनिरामिन: १० किलोच्या कुत्र्याला साधारण ४ मिलिग्रॅमची एक गोळी, दर आठ ते बारा तासांनी. मांजराला अर्धी, म्हणजे २ मिलिग्रॅम, बारा तासांनी. ही जास्त झोप आणते. चव अतिशय कडू, मांजर तोंडाला फेस आणतं.

हायड्रॉक्सिझिन: कुत्र्यात दर किलोला साधारण २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पण फक्त चिठ्ठीवर. शरीरात गेल्यावर त्याचंच पुढं सेट्रिझिन बनतं, म्हणून दोन्ही एकत्र देण्यात अर्थ नाही.

ॲव्हिल पशुवैद्य बहुतेक वेळा इंजेक्शन म्हणून वापरतात. त्याच्या गोळीचा डोस त्यांनाच ठरवू द्या.

मुलांच्या सेट्रिझिन सिरपात बहुधा ५ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असतं, तरी बाटली वाचून खात्री करा. मापायला सुई काढलेली सिरिंज घ्या. घरातले चमचे एकसारखे नसतात. गोळी अर्धी करायला गोळ्या कापायचं छोटं यंत्र फार्मसीत मिळतं, सुरीने अर्ध्या गोळीचा भुगा होतो.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. घरात दोघंजणं औषध देत असतील तर फ्रिजवर कागद चिकटवून खूण करा. सासूने सकाळी दिली आणि सुनेने पुन्हा दिली, असं सहज घडतं.

कोणाला द्यायची नाही, किंवा विचारल्याशिवाय द्यायची नाही

काचबिंदू असलेलं, लघवी अडणारं, प्रोस्टेट वाढलेलं जनावर. आतडी तुंबल्याचा संशय. झटके येणारं कुत्रं, हृदयरोगी, थायरॉइड वाढलेलं म्हातारं मांजर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सेट्रिझिन शरीराबाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून डोस कमी करावा लागतो. गाभण, पिलांना पाजणारी, आणि फार लहान पिल्लं यांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नाहीच. आधीपासून झोपेचं, फिट्सचं, ट्रॅमाडॉल किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखं औषध चालू असेल तर गुंगी एकावर एक चढते.

कॅलॅमाइन लोशन किंवा अँटिहिस्टामिनचं मलम लावून मोकळं सोडू नका. जनावर ते चाटतं, म्हणजे औषध शेवटी पोटातच जातं आणि किती गेलं ते कळत नाही.

गोळी भरवणं

कुत्र्याचं सोपं. उंड्याच्या (गोल पावाच्या) गाभ्यात, उकडलेल्या अंड्यात किंवा काटा काढलेल्या मासळीत गोळी दडवा. आधी एक रिकामा घास, मग गोळीचा, लगेच तिसरा रिकामा. तिसरा समोर दिसला की दुसरा चावत बसत नाही.

मांजराला जुन्या टॉवेलात मान सोडून गुंडाळा. एका हाताने गालफडं धरून डोकं किंचित वर, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडा आणि गोळी जिभेच्या मुळाशी सोडा. तोंड मिटून गळा चोळा. मग सिरिंजने गालाच्या बाजूने ४-५ मिलिलिटर पाणी हळूहळू द्या, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करू शकते. गोळीला बारीकसं लोणी लावलं तर कडवटपणा कमी लागतो. गोळी कुस्करून रोजच्या जेवणात मिसळण्याचा मोह टाळा. मांजर एकदा का त्या ताटलीवर रुसलं की जेवण सोडतं, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः गुबगुबीत मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडतं.

पुढचे दोन आठवडे

पहिली गोळी घरी कोणीतरी दिवसभर असेल त्या दिवशी, सकाळी द्या. थोडी झोप, तोंडाला कोरड, कधी उलटी किंवा भूक कमी हे चालण्यासारखं. याउलट काही जनावरं गुंगण्याऐवजी अस्वस्थ होतात, येरझारा घालतात. असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून फोन करा. लघवी होते ना, यावर लक्ष ठेवा, बोक्यावर जास्त.

रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण द्या आणि लिहून ठेवा. लिहिलं नाही तर आठवड्याने 'जरा बरं वाटतंय' एवढंच सांगता येतं, आणि त्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. एका गोळीला एक ते दोन आठवडे द्यावेत. आकडा हलला नाही तर डॉक्टर दुसरी देऊन बघतात, कारण एकाला सेट्रिझिन लागू पडतं तर दुसऱ्याला क्लोरफेनिरामिन. दोन-तीन गोळ्यांनी काही झालं नाही तर हा रस्ता सोडा. फरक पडला असेल तर खाज वाढेपर्यंत न थांबता, ऋतू सुरू होतानाच, रोज ठरल्या वेळी दिलेली गोळी चांगली चालते. ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची ठरली तर साधारण एक-दोन आठवडे आधी गोळी बंद करावी लागते, म्हणून चाचणीची तारीख ठरवतानाच गोळीबद्दल सांगा.

गुंगीसाठी नको

चवथीच्या फटाक्यांना, दिवाळीच्या तोंडावरच्या नरकासुराच्या रात्रीच्या दणदणाटाला घाबरतो म्हणून कुत्र्याला ॲव्हिल देणारी घरं मला माहीत आहेत. हेतू मायेचा असतो. पण गोळीने अंग जड होतं, भीती तशीच राहते. कुत्रं घाबरलेलंच असतं, फक्त पळून लपण्याइतकी ताकद त्याच्यात उरत नाही. भीतीवरची खरी औषधं डॉक्टर देतात. त्यांचा डोस आधी एकदा घरी तपासून बघावा लागतो, म्हणून नरकासुराच्या दोन-तीन आठवडे आधी जा. चोर्ला घाटात गाडीत ओकणाऱ्या कुत्र्यासाठीही मारोपिटंट नावाचं जास्त भरवशाचं औषध आहे.

वाड्यावरची आणि किनाऱ्यावरची कुत्री

बिस्किटात गोळी घालून टाकली तर ती कोणाच्या पोटात गेली ते कळत नाही. वजन माहीत नसतं, मादी गाभण आहे का ते माहीत नसतं. केस गेलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला बहुतेक वेळा खरूज, गोचीड किंवा संसर्ग असतो. त्याला अँटिहिस्टामिन देऊन काही साधत नाही, त्या कारणावरचं औषध मिळालं तर तो महिन्या-दोन महिन्यांत ओळखू येणार नाही इतका बदलतो. पणजीत तोंकला आणि मडगावात सोनसडोला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयं आहेत, तालुक्यांत दवाखाने आहेत. कुत्र्याचे फोटो घेऊन गेलात तरी सल्ला मिळतो.

लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, अशा अनोळखी कुत्र्याच्या तोंडात गोळी घालायला हात नेऊ नका. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला तो वर्षानुवर्षं चाललेल्या लसीकरणामुळे, आणि ते काम अजूनही चालूच ठेवावं लागतं. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

जास्त गेली तर

कुत्र्याने अख्खी पट्टी चावून खाल्ली, किंवा चुकून भलतीच गोळी दिली गेली, तर लक्षणांची वाट बघू नका. जास्त डोस गेला की कधी खोल गुंगी येते, कधी उलट: बुबुळं विस्फारलेली, अंग तापलेलं, ठोके जोरात, थरथर, मग झटके. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट ओढवतं. दूध, तूप, कोळसा यांपैकीही काही घरी देऊ नका. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर वेळ आणि औषध बघून ठरवतात.

फोनवर पाच गोष्टी सांगा: जनावराचं वजन, पट्टीवरचं पूर्ण नाव आणि मिलिग्रॅम, किती गोळ्या कमी आहेत, किती वाजता खाल्ल्या, आणि आधीपासून कोणती औषधं चालू आहेत. चावलेली पट्टी, बाटली, खोका जे असेल ते सोबत घ्या. मांजराच्या पोटात पॅरासिटॅमॉल गेलं असेल तर पहिल्याच वाक्यात तसं सांगा, कारण त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या काही तासांत दिला तर उपयोग जास्त होतो. जनावर वाटेत ठीक दिसू लागलं तरी गाडी परत वळवू नका, आणि डॉक्टरांनी रात्रभर नजरेखाली ठेवायला सांगितलं तर ठेवून या.